मऊ स्पंज

मांडवीच्या सायकलवाल्यानं पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब उघडली आणि तो उग्र, गोडसर वास थेट डोक्यात गेला. कॉलेजात असताना टेबल टेनिसच्या बॅटला मी त्याच सोल्युशननं रबर चिकटवायची.

माझा खेळ स्मॅशचा. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी मला कडक स्पंजाचं रबर हवं होतं. वडील, म्हणजे अण्णा, मुंबईला नोकरीला. गणपतीला येताना आणा, म्हणून त्यांना बजावून सांगितलं होतं.

त्यांनी आणलेलं रबर दाबलं, तर अंगठा आत रुतला.

"अण्णा, ह्याचा स्पंज मऊ आहे. मी कडक सांगितला होता."

"दुकानदारानंच निवडून दिलंन. मुलीच्या हातात कडक कशाला? तुला झेपेल असंच आणलंय हो."

दूर्वा निवडता निवडता आई म्हणाली, "एवढ्या लांबून आणलंनी, सणाला तोंड पाडू नको."

स्पर्धेत माझे स्मॅश त्या स्पंजातच बुडाले. पहिल्याच फेरीत हरले. घरी कुणी विचारलंही नाही.

पुढच्या गणपतीला अण्णांनी मुंबईहून माझ्यासाठी स्थळ आणलं, होकार कळवूनच.

"तुला झेपेल असंच बघितलंय हो," म्हणाले.

ह्या खेपेला तर अंगठ्यानं दाबून बघायचीही सोय नव्हती.