गच्चीचं कुलूप आणि शेजाऱ्यांची कानस

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीतल्या जुन्या मंडळींना अजून असंच वाटतं की गच्चीचं कुलूप आमच्या समोरच्या दारातल्या शेजाऱ्यांनी बिघडवलं. त्यापायी गणपतीचं मखर करायचा त्यांचा मान गेला आणि तो मला मिळाला. कुलूप मी बिघडवलं होतं. हे लिहायला इतकी वर्षं लागली, त्याला माझ्या भित्रेपणाखेरीज दुसरं कारण नाही.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. गच्चीची चावी सेक्रेटरींकडे असे, आणि पार्किंगच्या भांडणात मी त्यांना भर जिन्यात सांगून बसलो होतो, "पुन्हा तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही!" इकडे बायकोने साबुदाण्याच्या पापड्यांचा घाट घातला.

"चावी आणा," ती म्हणाली.

"आणतो," असं म्हणून मी कानस आणायला गेलो.

बेत साधा होता. मोडक्या छत्रीची काडी घासून बारीक करायची, तिने कुलूप उघडायचं, पापड्या वाळल्या की पुन्हा लावून टाकायचं. चोर करतात म्हणजे आपल्यालाही जमेल, असं मला खरोखर वाटलं. चोरांबद्दल माझं मत तेव्हा फार हलकं होतं.

भाईंदर पश्चिमेच्या हार्डवेअरवाल्याने हातभर लांबीची कानस काढून काउंटरवर आपटली.

"छोटी नाही का?"

"अंकल, काम क्या है? काम बोलो, मैं माल देता हूँ."

काम कसं सांगणार? तोंडातून निघालं, "निरांजन घासना है."

बाजूला चौक गावचा एक कोळी कोयत्याला धार लावायला कानस बघत होता. तो माझ्याकडे वळला. "निरांजनाला कानस? चिंच न्हाय काय घरात?"

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "थांबा, थांबा. मला दाखवा." आमचे समोरचे शेजारी. दरवर्षी अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून जाळी कापून ते सोसायटीच्या गणपतीचं मखर करायचे. वर्षभर त्यांच्या डोक्यात तेवढंच असायचं. स्क्रू आणायला आले होते, पण माझं निरांजन ऐकून स्क्रू विसरले.

"दांडीला कोर आलीय हो," मी म्हणालो. "हाताला लागते."

"मग ही नको." त्यांनी मोठ्या कानशीवरून अंगठा फिरवला. "हिचे दात बघा. दोन हात मारलेत तर निरांजन जाईल आणि नुसती वात उरेल. तुम्हाला सोनारी कानस हवी. तिकोनी घेऊ नका, खाच पाडते. चपटी कोपरे खाते. अर्धगोल घ्या, मऊ दातांची. आतून, बाहेरून, दोन्हीकडून चालते."

दुकानदाराकडे सोनारी कानशी सुट्या नव्हत्या, पुरता संचच घ्यावा लागणार होता.

"एका निरांजनासाठी संच? माझी घेऊन जा की," शेजारी म्हणाले. "नाहीतर निरांजनच आणून द्या, मी करून देतो."

"नको, नको. मलाच हौस आहे."

त्यांच्याकडून मागून आणलेली कानस मात्र अप्रतिम होती. छत्रीच्या काडीवर लोण्यासारखी फिरली. टोक इतकं सुबक झालं की ते कुलपात घालायला जिवावर आलं. घातलं, जरा फिरवलं, आणि ते आतच मोडलं. मी खाली येऊन बायकोला सांगितलं, "सेक्रेटरी घरी नाहीत." पापड्या पलंगावर, पंख्याखाली वाळल्या.

दुसऱ्या रविवारी सभा भरली. सेक्रेटरींनी कापलेलं कुलूप आणि आतला तुकडा कागदावर मांडला. "हे टोक कानशीने घासलंय. आपल्याकडे कानशी कोणाकडे आहेत?"

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. शेजारी मुकाट्याने घरी जाऊन आपली कापडी पिशवी घेऊन आले. तिच्यात प्रत्येक कानशीला वेगळा कप्पा होता. एक कप्पा रिकामा.

"यातली कुठे गेली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"हरवली असेल," ते म्हणाले.

"बाप्पाचं काम भरवशाच्या माणसाकडे हवं," सेक्रेटरी म्हणाले, आणि भांडण मिटवायची हीच संधी समजून त्यांनी मखर माझ्याकडे सोपवलं. मी तोंड उघडलं. त्यातून "बरं" एवढंच बाहेर आलं.

मी कापलेलं मखर पत्र्याच्या मोडक्या शेडसारखं दिसत होतं. कडा इतक्या धारदार की हार घालायला कोणी पुढे होईना. गणपतीच्या आदल्या दुपारी शेजारी येऊन ते बराच वेळ बघत उभे राहिले.

"आणा ती अर्धगोल," ते म्हणाले.

मी आणली. ते मांडी घालून बसले आणि एकेक कड घासू लागले. वाकडी जाळी सरळ केली, दोन ठिकाणी नवी वेल काढली. मी पत्रा धरून बसलो होतो.

"काडी छत्रीची होती ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी हो म्हणालो.

"तिथेच चुकलं. कानस बरोबर निवडली होती."

"तुम्ही सभेत बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

विसर्जनाच्या आधी सुंदर मखराबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी शाल घेतली. शेजाऱ्यांनी टाळ्याही वाजवल्या. पुढे ते लेकीकडे घोडबंदरला राहायला गेले. कानस त्यांनी कधी मागितली नाही, आणि परत द्यायची तर काही बोलावं लागलं असतं, म्हणून मी दिली नाही.

परवा बायको त्याच कानशीने विळीला धार लावताना दिसली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि सगळं सांगून टाकलं. पापड्या, काडी, सभा, सगळं.

तिने विळी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे ती शाल त्यांची?"

शाल इतकी वर्षं आमच्या मिक्सरवर पांघरलेली होती. तिने ती उचलली, वास घेतला, नाक मुरडलं आणि बादलीत भिजत घातली.

"वाळली की घोडबंदरला जायचं," ती म्हणाली. "गच्चीत टाकून या. आणि चावी सेक्रेटरींकडून मागून घ्या."