चांगला पाय आधी

"चांगला पाय आधी," असं म्हणत मामा जनावरासमोर उकिडवे बसायचे. बैल लंगडत येवो की शेळी, त्यांचा हात दुखऱ्या पायाकडे पहिल्यांदा कधी गेला नाही. धड पाय धरायचे, वरून खुरापर्यंत हळूच चाचपायचे. मालक घायकुतीला यायचा, मामा नाही.

गोरेगाव या खेडेगावातल्या जनावरांच्या दवाखान्यात ते पट्टी बांधायच्या कामावर होते. राहायला जवळच्या तांड्यावर. सगळा गाव त्यांना मामा म्हणे. नव्वदच्या दशकात माझी तिथल्या शाळेवर बदली झाली, तेव्हा भाड्याच्या खोलीत मला एकाच जीवाची सोबत होती, कुत्र्याच्या एका काळ्या पिल्लाची. तुम्ही हसाल, पण शाळा सुटली की मी त्याच्यासाठी घरी पळायची.

एक दिवस ते माळवदावरून अंगणात पडलं आणि तीन पायांवर उड्या मारू लागलं. मी शिकलेली बाई. लगेच हळद-चुन्याचा गरम लेप लावला, वर जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधली. आमच्या घरी मुरगळलं की हेच करत आले. दुसऱ्या दिवशी पंजा टम्म फुगला. आता पाय जातो की काय, या भीतीनं पिल्लाला पदरात घेऊन मी दवाखाना गाठला.

डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते. मामांनी चिंधी सोडली, पिल्लाला दोन पावलं चालू दिलं आणि धड पाय धरला.

"मामा, दुखतोय तो दुसरा," मी वैतागले.

"व्हय. पण माणूस घाईचा न्हाई, हे कळू द्या ना त्याला. आन धड पाय हाताला कसा लागते, ते मलाबी कळू द्या."

मग दुखऱ्या पायाची बोटं, सांधे, कुठं काटा रुतलाय का, सगळं पाहिलं.

"मुका मार दिसते. पण बाई, ही सूज पडल्याची न्हाई, बांधल्याची हाय. काहून एवढं आवळलं?"

जन्मभर पोरांच्या चुकांवर लाल शाई ओतली, त्या दिवशी माझीच पाळी आली.

"आता चोळू नका, शेकू नका. माणसाच्या गोळ्या तर देऊच नका. थंड फडकं ठेवा, उड्या मारू देऊ नका. उद्या डॉक्टरसाहेबाला दाखवा."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पंधरा दिवसांत पिल्लू चारही पायांवर माझी चप्पल पळवू लागलं.

मामा निवृत्त झाल्यावर एकदा बैलगाडीवरून पडल्याचं कळलं. मी तांड्यावर गेले. मामा बाजेवर होते. गुडघ्यावर हळद-चुना आणि वर करकचून बांधलेली चिंधी.

"मामा, तुम्हीसुद्धा?"

त्यांनी चुलीपाशी बसलेल्या मामींकडे हळूच पाहिलं. "बांधताना रडून राहिली होती. न्हाई कसं म्हणू?"

मामींना विचारून मी चिंधी सैल करायला बसले. हात आपोआप धड पायाकडे गेला. मामा हसले. "बराबर," म्हणाले.

दोन वर्षांनी मामा गेले. मी भेटायला गेले तेव्हा बाज भिंतीशी उभी करून ठेवली होती आणि मामी दारात बसल्या होत्या. मी मामांबद्दल काही विचारलं नाही. आधी नातवाचं विचारलं, मग नव्या वासराचं. मामी सावकाश सांगत राहिल्या. सांगता सांगता आपणच मामांपाशी आल्या, आणि रडल्या.