मखमली कोटाचं पोलकं

मंदाआत्याला मी शेवटची भेटले ती केळव्याला, एका रविवारी सकाळी. आठ दिवसांच्या तापानं ती अंथरुणाला खिळलेली, आवाज पार खोल गेलेला. मी मुद्दाम नवा कुर्ता घालून गेले होते, फोनवरून मागवलेला, फिकट हिरवा. तिनं उशीवरून मान वळवली, मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "गो, दुधीची सालं नेसून आलीस काय?" मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, बाईची जीभ ताळ्यावर आहे, म्हणजे तब्येतही येईल. बुधवारी मी बोईसरला ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. "वन्सं गेल्या गं," एवढंच म्हणाली. फोन ठेवलाही नाही तिनं. दोघी तशाच धरून बसलो... किती वेळ कोण जाणे.

मंदाआत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, गावच्या बालवाडीत शिकवलं आणि आयुष्यभर आमच्याच घरात, मागच्या पडवीतल्या शिवणयंत्रापाशी राहिली. तिनं कधी नवा कपडा विकत घेतलेला मला आठवत नाही. गरिबी नव्हती हो, वाडी चांगली होती आमची. तिला जुन्या कपड्यांचं वेडच होतं. "नव्या कपड्याला काय ठाव हाय?" म्हणायची. "ह्यानं जग बघलंय." गावात बोहारीण यायची, तेव्हा बाकीच्या बायका जुने कपडे देऊन भांडी घेत. आमची आत्या भांडी देऊन जुने कपडे घ्यायची! बोहारणीलाही पहिल्यांदा काही सुचलं नसेल. आई आठवडाभर आपला कडीचा डबा शोधत घर पालथं घालायची, आणि तो डबा तोवर आत्याच्या अंगावर फुलाफुलांचं झंपर होऊन मिरवत असायचा.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती मला बोईसरच्या बाजारात न्यायची. तिथं रस्त्याकडेला प्लास्टिक अंथरून जुन्या कपड्यांचे ढीग टाकलेले असत. कारखान्यांतले कामगार पँटी उपसायचे आणि त्यांच्यामध्ये ही, फतकल मारून. आधी वास घ्यायची, मग कपडा उलटा करून शिवण बघायची, मग काखेत फाटलाय का ते. घरी आणलं की दोन दिवस रिठ्याच्या पाण्यात, एक दिवस कडक उन्हात, आणि मग कात्री. पुरुषांचे पांढरे शर्ट बाह्या दुमडून ती सुती साड्यांवर घालायची. असली झकास दिसायची की केळव्याला फिरायला आलेल्या मुंबईच्या पोरी थांबून विचारायच्या, "आंटी, कुठून घेतलंत?" बालवाडीत जायच्या झग्याला तर एकही बटण दुसऱ्यासारखं नव्हतं, पोरांनी त्याच्यावरच रंग शिकावेत म्हणून. आणि नियम एकच, "अंगावर एकच वस्तू भारी, बाकी समदं साधं. सगल्याच बायका एकदम बोलाय लागल्या तर कोणाचं आयकायचं?"

हे सगळं आईला मुळीच खपत नसे. पैशाचा प्रश्न नव्हता, प्रश्न होता कपडे कुणाचे, हा. "उतरलेला कपडा. अंगातलं माणूस जिवंत आहे का मेलंय, कुणाला ठाऊक?" म्हणायची. आत्याचे कपडे ती दोरीवरूनसुद्धा काढायची नाही. पाऊस आला तर आपले कपडे गोळा करून आणायची, आत्याचे भिजत लोंबायचे. तशा दोघी भांडायच्या म्हणून नाही, एका ताटात जेवल्यासारख्या राहायच्या. पण कपड्यांपाशी आलं की आई अडायची ती अडायचीच.

त्यात एका गणपतीत कहर झाला. घर बायकांनी भरलेलं, आरती रंगात आलेली, आणि आत्या नवीन शिवलेल्या लांब जाकिटात पुढे उभी. जांभळं, जरीचे काठ उभे लावलेले. शेजारच्या सरूकाकू टाळ्या वाजवता वाजवता थांबल्या, डोळे बारीक केले आणि आरतीच्या मध्येच ओरडल्या, "आगो बाय! ही तर माज्या सासूची साडी!" सासूबाई वर्षापूर्वी गेलेल्या. काकूंनी साडी बोहारणीला देऊन परात घेतली होती आणि आठ दिवसांत ती साडी भिंतीपलीकडे आरतीला हजर! आत्यानं टाळी चुकू दिली नाही. "वळखलीस ना? मग पाया पड," म्हणाली. बायका हसून हसून खाली बसल्या. काकूंनी तर खरंच नमस्कार केला आणि मग त्या काठावरून हात फिरवत राहिल्या... हसली नाही ती फक्त आई. पाहुण्या गेल्यावर तिनं आत्याला बजावलं, "वन्सं, तुमचं तुम्ही काहीही करा. पण मेल्या माणसाचं लक्तर माझ्या पोरीच्या अंगाला लागलं, तर मी त्या कार्यात उभी राहणार नाही. गणपतीसमोर सांगते."

आणि माझा साखरपुडा ठरला. आत्यानं आईला काही विचारलं नाही, मला पडवीत बोलावून म्हणाली, "एकदाच तुला चारचौघांत माज्या हातच्या कपड्यात बघायचंय. मंग मी मेले तरी चालंल." बोईसरच्या ढिगातून तिनं कुणाच्या तरी लग्नातला मरून रंगाचा मखमली कोट काढला होता. विकणारा सांगत होता, "मौसी, ये तो जेंट्स का है." ही म्हणाली, "उसको किधर मालूम है?" त्या कोटाचं तिनं पोलकं शिवलं, पाठीला नाडी, बाहीला कोटाचीच बटणं, आणि खाली जुन्या मोरपंखी शालूचा घागरा. दोन महिने यंत्र चालू होतं. मी घालून बघितलं आणि आरशात मला मीच ओळखेना. इतकी छान मी कधी दिसले नव्हते, लग्नातही नाही, खरं सांगते.

साखरपुड्याच्या सकाळी पालघरच्या हॉलमागच्या खोलीत ते कपडे पलंगावर मांडलेले होते. आई दारात येऊन उभी राहिली. काहीच बोलली नाही, नुसती उभी राहिली. आणि मी, मोठी शिकलेली, नोकरी करणारी मी, दुकानातून आणलेला गुलाबी लेहेंगा घालून बाहेर आले. आत्यानं बघितलं. पुढं आली, माझी ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "ह्यो रंगपण बरा हाय." नंतर तिनं तो विषय कधीच काढला नाही. एकदा रागावली असती तर मी सुटले असते. भित्री होते मी. दुसरा शब्द नाही त्याला.

तेराव्याला मामाकडून दुखवट्याच्या साड्या आल्या, करकरीत, घड्या न मोडलेल्या. सुतक फिटलं की ते नवं नेसायचं, अशी आमच्याकडची रीत. आत्याचे कपडे आईनं बोचकी बांधून पडवीत ठेवले होते, संध्याकाळी देऊन टाकायला. मी त्यातलं एक बोचकं उचलून मागच्या खोलीत गेले. दुखवट्याची साडी बाजूला ठेवली, आत्याची एक साधी पांढरी सुती साडी नेसले आणि बोचक्यातून ते पोलकं काढलं. मधल्या वर्षांत मी चांगलीच सुटलेय, पण शिवणीत तिनं दोन बोटं माया ठेवली होती, ती आदल्याच दिवशी चोरून उसवून घेतली होती. दमट हवेत मखमल म्हणजे अंगात भट्टीच! तरी घातलं. बाहेर अख्खं गाव पंगतीला बसणार होतं. म्हटलं, आज आईनं या कार्यात पाऊल नाही टाकलं तरी चालेल, मी हेच घालून वाढणार. चारचौघांत म्हणाली होती ना आत्या.

नाडीला मात्र माझा हात पोचेना. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा वळले तर आई दारात. अगदी तशीच उभी. पण या वेळी मी हलले नाही. पाठ तिच्याकडे केली आणि म्हटलं, "आई, बांधतेस?"

बाहेर भटजी पानं मोजत होते. मग पाठीला तिची बोटं लागली. ओली होती, वाढपाची तयारी सोडून आली होती. तिनं ती आधी स्वतःच्या पदराला स्वच्छ पुसली. गाठ मारली, मनासारखी बसली नाही म्हणून सोडली, पुन्हा मारली. नंतर हात तिथंच ठेवला... मखमलीवरून एकदा खाली, एकदा वर.

"काय शिवलंय पण बयेनं," आई म्हणाली. मग मला पाठीमागून पुढं ढकललं, "चल, बाहेर चल. बघू देत सगळ्यांना."