भामाबाईचं शिळं पाणी

रात्र उलटली की पाणी शिळं, ही भामाबाईची जन्माची शिस्त. सिल्लोडकडच्या गावात ती रोज घागरी ओतून, घासून वस्तीच्या आडावरून ताजं पाणी भरायची. म्हातारपणी ती शहरात, मुकुंदवाडीत लेकाकडं आली. चौफेर इमारती उठत होत्या, नळ मात्र कोरडे. आठवड्यानं टँकर येई आणि एका निळ्या ड्रमवर घर चाले. अशात भामाबाईला विसरण्याचा आजार जडला. तिला दिवसातून कितीदा तरी सकाळ होऊ लागली, आणि सकाळ झाली की पाणी शिळं.

"आता ड्रम सांडला तर आईला दादाकडं गावी सोडतो," लेक प्रणय बायकोला, मेघाला म्हणाला. दादाकडची माणसं दिवसभर रानात, आणि घरापुढं बिनकठड्याची विहीर.

दवाखान्यातल्या ताईंनी अशा माणसाला कसं सांभाळायचं ते घरच्यांना शिकवणारे व्हिडिओ मेघाच्या मोबाइलवर पाठवले होते. 'वाद घालू नका, होकार द्या,' असं त्यात होतं.

"पोरी, पाणी शिळं झालं गं."

"व्हय आत्याबाई, झालं," मेघानं शिकल्याप्रमाणं होकार दिला. तिच्या भाकरी होईतो सासूनं कळशीनं अख्खा ड्रम मोरीत उपसला.

"मोबाइलात बघून माणसं सांभाळती!" प्रणय कडाडला. "रविवारी नेतो."

मेघानं रडत ताईंना सगळं बोलून पाठवलं. उत्तर आलं, "होकार द्यायचा, अन् हाताला लहानसं काम द्यायचं. पुढचा भाग बघितला नाही का?"

नव्हता बघितला. त्या दिवशी नेट संपलं होतं.

टँकर आल्यावर तिनं भरलेला ड्रम वाकळेखाली झाकला. सासूपुढं एक तांब्या ठेवला, दाराशी डब्यात लिंबाचं रोप. म्हातारी तांब्या रोपाला ओती, राखेनं घाशी, मेघाकडून पुन्हा भरून घेई. ड्रम टिकला.

तरी रविवारी प्रणय थैलीत आईची लुगडी भरू लागला. भामाबाई तांब्या घेऊन पुढं आली.

"जय भीम, पाव्हणं. उन्हाचं आलात. घ्या, ताजं हाय."

'आई, मी प्रणय' त्याच्या ओठांवर आलं. मेघानं हळूच नकाराची मान हलवली. त्यानं नाव गिळलं.

"जय भीम, माय."

"गाव कोणतं?"

"सिल्लोडकडचं."

"मंग आमच्या प्रणयला वळखत असाल. लई गुणाचं पोरगं."

त्यानं तांब्या तोंडाला लावून रिकामा केला.

"व्हय," तो म्हणाला. "वळखतो."

म्हातारीनं रिकामा तांब्या घेतला आणि ती घासायला वळली. तिची पुन्हा सकाळ झाली होती. प्रणय एकेक लुगडं थैलीतून काढून दोरीवर टाकत राहिला.