एका नंबरवर दोन माणसं

वासुदेव गेल्याचा फोन आला तवा मी जेवून राहिलो होतो. हातातला घास आधी तोंडात टाकला, मंग रडलो. असा मी माणूस. त्याले आता दीड महिना झाला.

लकडगंजच्या आरा मशीनवर लाकडं कापत आम्ही वीस वर्षं सोबत होतो. तो दहावी शिकलेला, मी चौथीत दोनदा नापास, पण दोघात फोन माझ्याजवळ. त्यानं कधी घेतलाच नाही. मले मात्र फोनचा भारी तोरा. गेल्या वर्षी दोघांलेही थकवा याले लागला, तं बेसा भागातल्या एका दवाखान्यात रक्त तपासाले गेलो. काउंटरवरच्या पोरीनं मोबाईल नंबर मांगितला, मी दिला. वासुदेवची पाळी आली तवा मीच मधात तोंड घातलं, "याचाबी हाच टाका, आम्ही काही वेगळे नाही." तिनं नंबर टाकला, कम्प्युटरवर माझं नाव उघडलं, गर्दी होती, त्याचं रक्त माझ्याच नावावर चढलं, माझा रिपोर्ट त्याच्याखाली दबला. दोन दिवसांनी डॉक्टरनं मले सांगितलं, किडन्या खराब आहेत, मीठ बंद. वासुदेवनं स्वतःचा रिपोर्ट विचारला तं त्याच्या नावावर काहीच नव्हतं. आम्ही डोकं लावलं आणि ठरवलं, ज्याचा रिपोर्टच नाही त्याले काही झालंच नसन. डोकं जास्त माझंच चाललं.

मंग काय... मी मराले बसलो. पोरीले सासरहून बोलावून घेतलं, सायकल भाच्याले देऊन टाकली. वासुदेव रोज संध्याकाळी कुसुमवहिनीच्या हातचं बिनमिठाचं वरण डब्यात घेऊन ये आणि मी खाईपर्यंत समोर बसे. एकदा मी डबा लोटून दिला. म्हटलं, तुले काय होते सांगाले, तू मजेत आहे. तो खाली बसून सांडलेलं वरण पुसत राहिला. उठताना त्याले भिंत धरावी लागली. पाय सुजले होते, चपलेचे पट्टे रुतले होते. मी पाहिलं. मले वाटलं, वय झालं.

तीन महिन्यांनी वासुदेव कामावरच पडला, भरती केला. त्याच आठवड्यात माझं रक्त पुन्हा तपासलं तं एकदम साफ. डॉक्टर म्हणे, एवढ्या बिघडलेल्या किडन्या अशा सुधरत नाहीत, मागचं रक्त कोणाचं होतं? मी तसाच वासुदेवच्या खाटेपाशी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं उशीवरून मान उचलली.

"म्हणजे तुले काहीच नाही?"

"नाही."

"बरं झालं," म्हणाला, आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं तसाच बोलला, "कुसुमले नको सांगू गा. तुह्यासाठी बिनमिठाचं रांधून मले ती मिठाचं वाढे."

तेरवी झाल्यावर मी दवाखान्यात भांडाले गेलो. पण भांडाचं कोणाशी? नंबर तं मीच दिला होता. काउंटरवरची पोरगी रडकुंडीले आली. म्हणे, आता फोन नंबरवर फाईल उघडत नाही. एक फोन घरातले चार जण वापरते, नावं सारखी असते, म्हणून दर माणसाले कम्प्युटरच एक नंबर देते, त्याच्यात ना नाव ना फोन, आणि माणूस मेला तरी तो दुसऱ्याले लागत नाही. वासुदेव आरा मशीनवर दर ओंडक्याच्या तोंडावर तेलरंगानं असाच नंबर टाके. मी हसो त्याले, सगळा सागच तं आहे म्हणून... पोरीनं माझ्या फाईलमधून त्याचा रिपोर्ट काढून त्याच्या नावावर लावला. मशीनमधून त्याच्या नंबरचं कार्ड निघालं. वासुदेवचं पहिलं कार्ड.

ते घेऊन वहिनीकडे गेलो. त्यानं नको सांगू म्हटलं होतं. पण त्याच्यावतीनं बोलूनच मी त्याले घालवलं होतं, आता गप राहून तिलेबी फसवणं जमलं नाही. सगळं सांगितलं. वहिनी बोलली, "तुमचं वरण त्याईनं एकदा मांगितलं होतं, चव पाहाले. मी दिलं नाही. म्हटलं, भाऊजीच्या वाट्याचं कमी होईन."

कार्ड तिनं वासुदेवच्या चष्म्याच्या घरात ठेवलं, झाकण लावलं, आणि ते घर खिडकीत जिथं होतं तिथंच ठेवलं. मी बसून राहिलो. तिनं मले जा म्हटलं नाही, चहाबी विचारला नाही.