रंगरावांनी मोजून दिलेलं घर

मी न्हाणीत होते म्हणून ते भांडण मला सगळं ऐकावं लागलं. तेव्हा आमची न्हाणी म्हणजे चार वासे आणि त्यांना गुंडाळलेली पोती. रुपीनगरात तेव्हा मोजून पाच घरं, बाकी सगळं गवत. पलीकडे रंगरावांचं बांधकाम चाललेलं, आणि रंगराव नि त्यांची गिरजाबाई पुढच्या भिंतीपाशी उभे राहून भांडत होते. मी अंगावर तांब्या ओतला असता तर त्यांना कळलं असतं की सोजरवहिनी ऐकतायत. मग काय, पाणी गार होईपर्यंत बसून राहिले.

भांडण अर्ध्या इंचाचं होतं. गवंड्यानं भिंत खांद्याएवढी उचलली होती आणि रंगरावांनी टेप लावून पाहिली, तर एका टोकाला अर्धा इंच बाहेर. पाडा म्हणाले.

"अर्ध्या इंचात माझा काय पाय अडकणार आहे?" गिरजाबाई म्हणाली.

"तुझा पाय नाही अडकणार. माझा डोळा अडकेल, रोज."

"मग डोळे मिटून येत जा घरात."

भिंत पाडली. पुन्हा उभी राहीपर्यंत दोघं आणखी आठ दिवस ताडपत्रीखाली राहिली. गिरजाबाई नळावर भेटेल त्या बाईला सांगायची, भिंत सरळ झाली बाई, आता माणसाचं बघायचं राहिलंय.

माणूस काही सरळ झाला नाही. म्हणजे होताच सरळ, तीच तर अडचण. रंगराव करमाळ्याकडचे. भोसरीच्या एका कंपनीत चौतीस वर्षं टूलरूमला होते. तिथं म्हणे केसाएवढं लोखंड जास्त गेलं तर तुकडा भंगारात टाकतात. ते ठीक आहे, लोखंडाचं. पण हे घरी येऊनही तसंच. आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला झोळ पडला म्हणून स्वतः येऊन ताणून दिली, इतकी की माझा हात पोचेना. माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण तिरकं बसतं हे त्यांनी मला तीन वर्षं सांगितलं. गिरजाबाईच्या भाकरीला मात्र त्यांनी कधी टेप की गुण्या लावला नाही. तेवढं बायकोचं नशीब.

गिरजाबाई गेली आणि घर एकट्याला मोठं झालं. मुलगा समाधान, त्याचा तळेगावला सातव्या मजल्यावर फ्लॅट. तो म्हणाला, बाबा, घर भाड्यानं द्या आणि चला. रंगराव हो म्हणाले. भाडेकरू आले ते धम्मरत्न आणि रश्मी. दोघं नांदेडकडची. तो कंपनीची बस चालवायचा, ती चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर, तीन शिफ्टमध्ये. शांत माणसं. घरात पहिली वस्तू लावली ती बाबासाहेबांचा फोटो, आणि तो लावताना रंगराव स्वतः पाणसळ घेऊन स्टुलावर चढले. फोटो आजही त्या भिंतीवर आहे, आणि गल्लीत इतका सरळ फोटो दुसरा नाही.

करार करायला बंटी आला. हा ऑनलाइन भाडेकरार करून देतो. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, काका, घर किती फूट? अंदाजे साडेचारशे टाकू का?

अंदाजे म्हटल्यावर रंगराव असे उठले जणू कुणी कढत चहा मांडीवर सांडला. टेप आणला. बंटीला एक टोक धरायला लावलं आणि खोली खोली मोजली. मोजता मोजता मागची खोलीही मोजली. त्या खोलीत त्यांची खाट होती, ट्रंक होती, हत्यारांची पेटी होती. रश्मीला त्यांनी तोंडी सांगितलं होतं की ही खोली माझ्या सामानापुरती राहील, आणि ती बरं म्हणाली होती. पण माप म्हणजे माप. चारही खोल्या मिळून सहाशे बारा फूट भरलं. बंटीनं सहाशे बारा लिहिलं. सगळ्यांनी अंगठे टेकवले, मी केलेला चहा प्यायले, आणि रंगराव तळेगावला गेले.

एकोणिसाव्या दिवशी परत आले. म्हणाले, पाना राहिलाय.

पाना पेटीत वरच होता. तरी ते त्या रात्री राहिले, कारण उशीर झाला. दुसऱ्या दिवशी राहिले, कारण पाण्याचा दिवस होता आणि आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, टाकी भरून देतो म्हणाले. मग काही कारणच सांगेनात. मी विचारलं तेव्हा कळलं की मुलाच्या फ्लॅटची फरशी तिरकी बसवलीय. सकाळी डोळा उघडला की समोर तीच. समाधान म्हणाला, बाबा, कुणाला दिसत नाही ते. रंगराव म्हणाले, म्हणून तर जास्त दिसतं.

आता त्या मागच्या खोलीला एकच दार, आणि ते उघडायचं रश्मीच्या स्वयंपाकघरात. संडासला जायचं तरी तिच्या चुलीवरून, बाहेर पडायचं तरी तिच्या चुलीवरून. स्वतःची किल्ली खिशात. दार ढकलून येणार, म्हणणार, "मी नाहीच असं समजा," आणि मग खोकणार. माणूस वाईट नव्हता. कुकरचा दांडा बसवून दिला, नळाचं गळणं थांबवलं. पण पहाटे पाचला रेडिओ, सहाला बादल्या, दहाला ठोकाठोक. रश्मी तिसरी शिफ्ट करून साडेसातला यायची, नऊला पडायची, आणि दहाला तिच्या उशापासून चार हातांवर हातोडी.

एक दिवस ती अकरा वाजता माझ्या ओट्यावर येऊन बसली. केस विस्कटलेले, डोळे लाल. झोपेतून जाग आली तर रंगराव स्टुलावर उभे राहून माळ्याची फळी तपासत होते. वाईट काही नाही हो, ते फळीच बघत होते. पण परका पुरुष घरात, आणि बाईमाणूस झोपलेली.

"आजी, दोन आठवडे झाले मी माझ्या घरात निजले नाही," ती म्हणाली. "परवा लाइनवर डुलकी लागली. लाल वायर निळीच्या जागी गेली. सुपरवायझरनं लिहून घेतलंय. आणखी एकदा झालं तर मला काढतील."

मी रंगरावांकडे गेले. चौथी शिकलेली बाई मी, कायदा मला काय कळतोय, पण झोप कळते. भावजी, म्हटलं, त्या पोरीला जरा निजू द्या.

"मी कुणाला आडवा येतो वहिनी?"

"भाडं घेता ना?"

"घेतो की."

"मग घर त्यांचं झालं ना तेवढे महिने?"

"घर दिलंय," रंगराव म्हणाले, "मी परत यायचं नाही असं काही ठरलं नव्हतं."

मी आपली ओट्यावर परत आले. खरंच ते कुणी ठरवलं नव्हतं.

पण रश्मी नुसती रडून थांबणारी नव्हती. तिनं करार बाहेर काढला आणि चाकणच्या बसमध्ये जाता येता सगळा वाचला, पेनानं रेघा मारून. रविवारी सुट्टीला बंटीला बोलावलं. आमच्या ओट्यावर सगळे बसलो. धम्मरत्न भिंतीला टेकून. रंगराव खुर्चीत, हात मांडीवर, इन्स्पेक्शनला साहेब आल्यासारखे.

बंटीनं वाचलं. घर पूर्ण भाडेकरूंच्या वापरासाठी. मालकाला घर बघायचं असेल तर आधी कळवून, दिवसाउजेडी, त्यांच्या सोयीनं यायचं. राहण्याबद्दल मालकाचं नावही नाही. मग रश्मी बोलली. ती म्हणाली, आमच्या तीन खोल्या मी मोजल्या. चारशे अठ्ठ्याण्णव भरतात. करारात सहाशे बारा आहे. मधले एकशे चौदा फूट म्हणजे काकांची खोली. ती पण आम्हालाच दिलेली आहे.

रंगराव कागदाकडे बघत राहिले.

बंटीनं मार्ग काढला. असल्या कामात तो हुशार आहे. "काका, सोपं आहे. माप चुकलं असं लिहून द्या. टायपिंगची चूक म्हणू. दुरुस्तीचा करार करतो, तुमची खोली तुम्हाला."

रश्मीचा चेहरा उतरला. तिलाही कळलं की एवढी एक सही झाली की खाट तिथंच, दार तिथंच, किल्ली तिथंच, आणि तिची झोप गेली ती गेलीच.

रंगराव उठले. खिशातून टेप काढला, रश्मीला विचारलं, आत जाऊ का? ती हो म्हणाली. आम्ही बाहेर बसून आतला टेप परत सुटल्याचा आवाज ऐकत होतो, चार वेळा. बाहेर आले आणि म्हणाले, "माप बरोबर आहे."

"बरोबर आहे हो काका, पण चुकलं म्हणा ना. कागदापुरतं."

"बरोबर मापाला चूक म्हणून मी चौतीस वर्षांत सही केली नाही. खोली त्यांची आहे. मीच मोजून दिली." आणि किल्ली काढून ओट्यावर रश्मीपुढे ठेवली. "दुपारच्या लोकलनं जातो. खाट समाधान घेऊन जाईल."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. स्वतःला स्वतःच्या घरातून टेप लावून बाहेर काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रश्मी भांडायची तयारी करून आलेली, आता तिला जिंकून काय करायचं ते कळेना. किल्ली उचलली नाही तिनं.

"काका, तुम्ही नको असं नाही माझं," ती म्हणाली. "मला दार लावून झोपायचंय, एवढंच."

तेव्हा धम्मरत्न पहिल्यांदा बोलला. बसवाला माणूस, त्याला रस्ते आधी दिसतात. म्हणाला, मागच्या खोलीची खिडकी बोळात आहे. खिडकीखालची भिंत काढली तर तिथं दार होतं. स्वयंपाकघरातलं दार विटांनी बुजवून टाकायचं.

रंगराव बोळात जाऊन खिडकीला टेप लावून आले. मग म्हणाले, चौकट सागवानी लागेल.

रश्मी म्हणाली, लावा, पण मी सांगेन त्या वेळी. आणि काम होईपर्यंत मुक्काम तळेगावला.

महिनाभर ते रोज तळेगावहून लोकलनं आकुर्डीला यायचे आणि तिथून चालत. रश्मीच्या शिफ्टचा तक्ता खिशात. ती चाकणला असली की हातोडी, घरी झोपली असली की माझ्या ओट्यावर बसून कडी घासायची, तीही पॉलिश पेपरनं, आवाज न होता. माझा जीव घाबरा झाला, कारण बसल्या बसल्या त्यांनी माझा ओटा मोजला. संडासची पंचाईत होती. आमच्या जिन्याखालचा जुना होता, त्यात मी खराटे आणि फुटक्या बादल्या ठेवायचे. तो मोकळा करून दिला. बुजवलेलं दार तर असं बुजवलं की तिथं दार होतं हे हात लावूनही कळू नये. मग बंटीला बोलावून नवा करार, चारशे अठ्ठ्याण्णव फूट. अंगठा लावायच्या आधी पुन्हा मोजलं, हे सांगायला नको.

त्या बोळातल्या दारानं ते अडीच वर्षं राहिले. रश्मीच्या घरात जायचं तर आधी विचारून, आणि सणावारी तिनं बोलावलं तर पाय पुसून. आणि वर काय, गल्लीत करार कळणारे म्हणून नाव झालं. लोक आपापले कागद घेऊन यायचे. एकदा सोपानराव आले, त्यांच्या भाडेकरणीनं कुलूप बदललं म्हणून तक्रार घेऊन. रंगरावांनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, घर दिलंय ना? मग तिच्या स्वयंपाकघरात तुम्ही काय शोधायला जाता? इतकं गंभीर तोंड करून म्हणाले की मला पदर तोंडाला लावून आत जावं लागलं.

रश्मीची नोकरी टिकली. आता तीच लाइनवर नव्या मुलींना शिकवते.

रंगराव गेल्या माघात गेले. शुक्रवारी सकाळी बोळातलं दार उघडलं नाही, मग समाधानला फोन केला, पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. ते मी लिहीत नाही. गुरुवारचं लिहिते.

गुरुवार हा त्यांच्या कंपनीच्या सुट्टीचा वार. निवृत्त झाले तरी बाजार गुरुवारीच, निगडीला जाऊन, आणि तीन घरांचा. त्या दिवशीही अकराच्या सुमाराला आले. मला मिश्रीची डबी आणि अर्धा किलो गूळ दिला, गुळाची ढेप एका बाजूला कमी आहे हेही सांगितलं. चहा घेता का म्हटलं, तर नको म्हणाले, बसमध्ये उभं राहून पाय दुखलेत.

मग रश्मीच्या दाराकडे बघून हळूच विचारलं, "पोरगी आली का?"

"आली," म्हटलं. "नऊला निजली."

त्यांनी मान हलवली. तिची पिशवी उचलली, त्यात कोथिंबीर, लायटर आणि डोकेदुखीच्या गोळ्या. दाराच्या कडीला अडकवताना एका हातानं कडी दाबून धरली, वाजू नये म्हणून. जरा थांबून पिशवी सरळ लोंबते का ते पाहिलं. मग घराला वळसा घालून बोळानं आपल्या दाराकडे गेले.