फटफटीचा बंद गाडा

आमच्या गावच्या जागीरदारानं फटफटी आणली तवा निजामाचं राज व्हतं, अन् तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालू व्हती. पेट्रोल मिळत नव्हतं, तरी ह्येला फटफटी पायजे व्हती. परंडा आमच्यापासून दोन कोस. परंड्यात सडक. आमच्याकडं नुसती काळी माती, पाऊस पडला की मानसाचा पाय निघत न्हाय, फटफटीचं चाक कुठलं फिरतंय? मंग ही फटफटी बैलगाडीवर घालून परंड्याच्या येशीपतूर न्यायची, तिथं उतरवायची, अन् ह्येनं वर बसून गावातनं फट्‌फट्‌ करत फिरायचं.

म्या सुताराची बायको. आमच्या धन्याला जागीरदारानं वेठीला धरलं, फटफटी गाडीवर चढवायला. दोर जुना व्हता. धन्यानं सांगितलं बी, "सरकार, ह्या दोरानं निभायचं न्हाय." ऐकतो कोण? दोर तुटला अन् फटफटी खाली आली ती धन्याच्या उजव्या हातावर. बोटं चेचली. म्या पळत गेले तर जागीरदार फटफटीपाशी उकिडवा बसलेला. "काच फुटली, दिव्याची काच फुटली," एवढंच त्येचं चाललेलं. माझ्या मानसाचं रगत गळायलंय, अन् ह्यो काचंचे तुकडे येचायलाय.

दुसऱ्या दिशी त्येचा दिवाणजी घरी आला अन् हत्यारं उचलून गढीवर घेऊन गेला. वाकस, करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, समदं. काचंच्या बदल्यात म्हणं.

सुताराच्या घरातनं हत्यारं गेली म्हंजे घर बसलं. लाकूड तासायचा वाकस धन्याच्या आज्ज्याचा व्हता, दांडा हाताच्या घामानं काळा पडलेला. धन्याचा हात दुखायचा तवा ते कन्हायचे न्हाईत. पर कुणाच्या वावरात वाकसाचा आवाज आला की तोंड फिरवून बसायचे. म्या लोकांची ज्वारी काढाया जायची. जाता येता गढीचा दरवाजा दिसायचा. दरवाज्याकडं बघायची अन् मनात म्हणायची, थांब. माझ्यापाशी दुसरं काय व्हतं? थांब म्हणायचं, एवढंच.

उन्हाळ्यात बोलावणं आलं. जागीरदाराला आता बंद गाडा पायजे व्हता. समद्या बाजूनं फळ्या, वर छत, मागं दार. आत फटफटी अन् तिची हत्यारं, पाने, तेलाचे डबे. धूळ नको, चिखल नको, कुणाची नजर नको. परंड्याच्या सुताराला इचारलं तर त्यो म्हणला, "दुसऱ्याच्या गावकीत म्या हात घालत न्हाय. तुमच्या गावाला तुमचा सुतार हाय." बलुतेदारांची ती रीतच. तवा आली आमची सय.

धनी अन् म्या गढीम्होरं उभे राह्यलो. जागीरदार धन्याला म्हणला, "तुझं डोस्कं शाबूत हाय न्हवं? मंग हात कुणाचा बी लाव."

म्या म्हणलं, "माझा लावला तर चालंल का सरकार?"

समदे हासले. दिवाणजी म्हणला, "बाई वाकस धरायली? औंदा पाऊस पडत न्हाय बघा!"

"न पडू द्या," म्या म्हणलं, "फटफटीला चिखल तरी लागायचा न्हाय."

जागीरदाराला ते बोलणं आवडलं. काम दिलं. हत्यारं बी दिली, पर कामापुरती. सकाळी दिवाणजी आणून टाकायचा अन् दिस मावळायला मोजून घेऊन जायचा. चोराच्या घरी दिल्यावानी.

धनी खाटंवर बसून सांगायचे, म्या करायची. फटफटीचं माप म्या सुतळीनं घेतलं. चाकाला एक गाठ, मुठीला एक, दिव्याच्या उंचीला एक. तळाला बाभळ घातली, वजन पेलायला. बाजूच्या फळ्या गढीतल्या जुन्या सागवानी दाराच्या. तळात चाक बसंल अशी खाच कोरली, म्हंजे गाडा डुलला तरी फटफटी हलायची न्हाय. दोन्ही बाजूला कड्या, दोर बांधायला. कोपऱ्यात पेटी, तिच्या हत्यारांना. अन् मागचं दार खालून बिजागरीवर, बाहीर पाडलं की त्येचाच उतार व्हायचा. फटफटी त्येच्यावरनं ढकलत आत न्यायची. कुणाचा हात मधी यायचं काम न्हाय. ही युगत धन्याची. हात गमावलेल्या मानसालाच ती सुचणार.

दार बसवायच्या दिशी जागीरदार सोता आला. कडंनं बोट फिरवून म्हणला, "हितं उजेड दिसतुया. मला मुंगी आत गेलेली चालायची न्हाय."

धनी म्हणले, "सरकार, लाकडाला सांद ठिवावी लागती. पावसाळ्यात..."

"तू मला शिकवणार?"

जागीरदार गेल्यावर धनी म्हणले, "अगं, गव्हाच्या दान्याएवढी तरी सांद सोड. पावसात लाकूड फुगतंय, दार आवळून बसंल, उघडायचं न्हाय."

म्या म्हणलं, "सरकारचा हुकूम हाय. हुकूम मोडून कसं चालंल?"

त्येनी माझ्याकडं बघितलं. लई दिसांनी त्येंच्या तोंडावर हासू आलं. मंग म्हणले, "घट बसव. चांगलं घट बसव." बाहीर वैशाखाचं ऊन रणरणत व्हतं. म्या दार असं बसवलं की बोटाचं नख बी शिरंना. जागीरदार खूश. हत्यारं परत गढीवर गेली.

पाऊस आला, अन् असा आला की दिवाणजीनं माझ्याशी पावसाचं नावच काढलं न्हाय. फटफटी बंद गाड्यात घालून गाडा गढीच्या अंगणात उभा केलेला. बाहीर निघायचं कामच नव्हतं. हस्त नक्षत्राचा, हत्तीचा पाऊस तर आठ दिस झडीचा लागला. म्या रोज सपरात उभी राहून बघायची. पड, म्हणायची, आनखी पड.

खंडेनवमी आली. त्या दिशी घरोघरी हत्यारांची पूजा. विळा, कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ, समदं धुवून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं. दुसऱ्याचं हत्यार बिनपूजेचं घरात ठिवलं तर दोष लागतो, म्हणून दिवाणजीनं सकाळीच आमची हत्यारं आणून दिली. "आजच्यापुरती हायती, ध्यानात ठिव," म्हणला. म्या व्हय म्हणलं. पाट मांडला. वाकसाला म्या दोन बोटं कुंकू लावलं.

त्याच दिशी परंड्यात जिल्ह्याचे तालुकदारसाब दौऱ्यावर येणार व्हते. जागीरदाराला त्येंच्याम्होरं फटफटीवर बसून जायचं व्हतं. साऱ्या गावाला चार म्हैने तेच सांगत व्हता. अन् निघायच्या आदी फटफटीची बी पूजा करायची, म्हणून दार उघडाया गेले.

दार हलंना.

पैल्यांदा दोघांनी वडलं, मंग चौघांनी. मंग कडीला दोर लावून बैल जुपले. कडीच उपसून आली अन् बैल जाऊन उकिरड्यात थांबले. दगडानं फोडावं तर आत दिव्याची नवी काच! मंग कुऱ्हाड आणा म्हणले. आता खंडेनवमीला कुऱ्हाड कोण देतंय? घरोघरी पाटावर. गढीतली कुऱ्हाड बी जागीरदाराच्या आईनं पूजंत मांडलेली. म्हातारी म्हणली, "माझ्या जित्तेपनी पाटावरचं हत्यार हलवायचं न्हाय."

मंग मानूस धाडला नालबंद चाचाकडं. बैलांना नाल ठोकणारा मुसलमान मानूस, त्येला कसली नवमी? चाचा म्हणला, "माझा हातोडा? त्यो मी सकाळीच सुतारवहिनीच्या पाटावर ठिवला. दर साली ठिवतो. इचारा तिला."

तवा जागीरदार आमच्या दारात आला. चिखलातनं, अंगावर रेशमी शेरवानी, पायात चिखलाचे गोळे. मागं निम्मं गाव.

"वाकस दे," म्हणला.

म्या पदर सावरला. "सरकार, पाटावरची हत्यारं ज्याची त्यानंच पैली उचलायची. दुसऱ्यानं उचलली तर ज्याचं काम त्याचं वाटुळं. तुमच्या फटफटीचं वाटुळं म्या कसं करू?"

"मंग उचल म्हण नवऱ्याला!"

"उचलतील की. पर हत्यारं कुणाची?"

त्येला कळलं. गावाला बी कळलं. नालबंद चाचा मागनं म्हणला, "सरकार, साब आता येशीत आले असतील बघा." कुणीतरी फिदकन हासलं.

जागीरदाराचं तोंड लाल झालं. म्या हलले न्हाय. धनी पाटापाशी बसलेले, मोडका हात मांडीवर सगळ्यांना दिसंल असा ठिवून. कुणी सांगितलं नव्हतं त्येना.

"त्याची हायती," जागीरदार म्हणला.

"मोठ्यानं सांगा सरकार. दिवाणजींना आयकू गेलं न्हाय."

"हत्यारं त्याची हायती! परत कुणी मागायचं न्हाय!"

धन्यांनी डाव्या हातानं वाकस उचलला. कपाळाला लावला. अन् परत पाटावर ठिवला.

"आता चल!" जागीरदार वरडला.

धनी म्हणले, "आज नवमी हाय सरकार. आज हत्याराला काम लावत न्हाईत. उद्या."

म्या आजवर लई गोड खाल्लं, पर त्या 'उद्या'एवढं गोड काय न्हाय खाल्लं. जागीरदार साध्या बैलगाडीत बसून परंड्याला गेला. साब लोकांना भेटून दुसऱ्या गावाला निघून गेले व्हते. लोक मला आजबी म्हणतेत, म्हातारे, जाऊ दे, मेला त्यो. मेला असंल. माझ्या मानसाची बोटं काय उगवून आली न्हाईत.

दसऱ्याच्या दिशी दुपारी म्या पटाशी घेऊन गेले. ऊन कडक पडलेलं. जागीरदार गाड्यापाशीच उभा, फटफटी धड हाय का बघायला. म्या दाराची कड एकेक पापुद्रा करून तासायला लागले. घाई कशाची? मधीच त्यो म्हणला, "पानी आण गं." पानी कुणाला न्हाय म्हणू ने, सरकारला बी न्हाय. म्या पटाशी खाली ठिवली, हात धुतले, अन् गावाच्या पल्याडच्या आडापतूर सावकाश चालत गेले.